बेळगाव आणि सीमाभाग : भूगोल, इतिहास आणि एका रेषेचा वाद

महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा या तीन राज्यांच्या हद्दी जेथे एकमेकींना भिडतात, त्या प्रदेशाला मराठीत ‘सीमाभाग’ या नावाने ओळखले जाते. बेळगाव शहर हे या प्रदेशाचे केंद्र. मुंबई आणि बेंगळुरू या दोन्ही राजधान्या येथून जवळपास सारख्याच, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर अंतरावर आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हे शहर आणि त्याच्या परिसरातील मराठी भाषक गावे तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट करण्यात आली. तेव्हापासून सुरू असलेला वाद आज सर्वोच्च न्यायालयात आहे. वादाच्या मुळाशी भाषा आहे, हे सर्वश्रुत आहे. मात्र भाषकांची मोजणी कोणत्या घटकावर करावी, जिल्ह्यावर, तालुक्यावर की खेड्यावर, हा प्रश्नही तितकाच निर्णायक ठरला आहे.

भौगोलिक रचना

बेळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,४१५ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ४७ लाख ८० हजार आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस आणि वायव्येस महाराष्ट्रातील सांगली व कोल्हापूर हे जिल्हे, नैर्ऋत्येस गोवा, पूर्वेस विजापूर व बागलकोट, तर दक्षिणेस धारवाड व उत्तर कन्नड हे जिल्हे आहेत. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले असल्याने तेथील हवा सौम्य आहे.

पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना जिल्ह्याचे तीन पट्टे स्पष्ट दिसतात. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यावर असून तेथे दाट जंगल आणि मुसळधार पाऊस आहे. मधला पट्टा भात, ऊस आणि भाजीपाल्याचा. पूर्वेकडे गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग या बाजूला पाऊस कमी होत जातो आणि काळी, कोरडवाहू जमीन सुरू होते. स्थूलमानाने पाहिल्यास मराठी भाषक वस्ती पहिल्या दोन पट्ट्यांत, बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरात एकवटलेली आहे. पूर्वेकडील पट्टा कन्नड भाषक आहे. तथापि या दोहोंमध्ये नदी किंवा डोंगररांग अशी नैसर्गिक सीमा नाही. एका गावात मराठी, शेजारच्या गावात कन्नड आणि तिसऱ्या गावात दोन्ही भाषा, अशी सरमिसळ येथे पिढ्यान् पिढ्या आहे.

नद्यांनी तर या प्रदेशाला राज्यांच्या हद्दी ओलांडून बांधले आहे. हिरण्यकेशी आंबोलीजवळ उगम पावते आणि पुढे घटप्रभेला मिळते. घटप्रभेचा गोकाक येथील धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीचा आहे. दूधगंगा आणि वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून येऊन कृष्णेच्या खोऱ्यात जातात. मलप्रभा खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावून पूर्वेकडे वाहते. त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे वळून गोव्यात मांडवी या नावाने समुद्राला मिळते. म्हादईच्या पाणीवाटपासाठी २०१० साली लवाद नेमण्यात आला आणि त्याने २०१८ साली निवाडा दिला. त्यामुळे हा छोटासा तालुका सीमावाद आणि पाणीवाद या दोन्हींच्या केंद्रस्थानी आला आहे.

सीमाभागाची व्याप्ती बेळगाव जिल्ह्यापुरती मर्यादित नाही. महाराष्ट्राच्या दाव्यात उत्तर कन्नड जिल्ह्यातील कारवार व हल्याळ परिसर, तसेच पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेल्या बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद परिसरातील गावांचाही समावेश आहे. बेळगावपासून बिदर शेकडो किलोमीटर दूर आहे. म्हणजेच सीमाभाग हा सलग प्रदेश नसून दीर्घ राज्यसीमेच्या कडेने पसरलेल्या गावांचे पुंजके आहेत.

प्राचीन आणि मध्ययुगीन काळ

खानापूर तालुक्यातील हलशी हे गाव प्राचीन काळी पलाशिका या नावाने कदंब राजांची राजधानी होते. ‘कविराजमार्ग’ या नवव्या शतकातील कन्नड ग्रंथात कन्नड देशाचा विस्तार कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी सौंदत्तीच्या रट्ट राजांनी आपली राजधानी बेळगावला, म्हणजे तेव्हाच्या वेणुग्रामाला आणली. किल्ल्यातील ‘कमल बस्ती’ हे जैन मंदिर त्याच काळातील आहे. रट्टांनंतर हा प्रदेश देवगिरीच्या यादवांकडे गेला. यादवांचे शिलालेख कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आढळतात, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. राज्यकर्त्यांची भाषा एकच असावी, अशी कल्पना त्या काळी नव्हती.

१४७२ साली बहमनी वजीर महमूद गवान याने बेळगावचा किल्ला जिंकला. पुढे आदिलशाही, मोगल आणि मराठे अशी सत्तांतरे झाली. पेशवाईच्या काळात पटवर्धन व इतर सरदारांच्या जहागिरी या भागात स्थिरावल्या आणि कारभारात मराठीचा व मोडी लिपीचा वापर वाढला. १८१८ साली ब्रिटिशांनी किल्ला ताब्यात घेतला. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांनी ब्रिटिशांशी दिलेला लढाही याच प्रदेशातला. कर्नाटक आपला दावा कदंब, रट्ट आणि कित्तूरच्या वारशावर मांडतो, तर महाराष्ट्राच्या बाजूने यादव आणि मराठा काळाचा दाखला दिला जातो. दोन्ही दाखले खरे आहेत. त्यामुळेच केवळ इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा निकाल लागत नाही.

मुंबई इलाख्यातील बेळगाव

१८३६ साली धारवाड जिल्ह्यातून वेगळा काढून बेळगाव जिल्हा तयार करण्यात आला. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हाही मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. अशा रीतीने पुणे, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड आणि कारवार हे सारे एका प्रशासनाच्या किंवा त्याच्या प्रभावाखालील संस्थानांच्या कक्षेत होते. मराठी आणि कन्नड भाषकांमध्ये राज्याची सीमा नसल्याने कोणते गाव कोणाचे, हा प्रश्न राजकीय स्वरूपात उपस्थित होण्याचे कारण नव्हते.

स्वातंत्र्य चळवळीत बेळगावला महत्त्वाचे स्थान मिळाले. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना येथेच केली. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले. महात्मा गांधी यांनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन होय. याच अधिवेशनाच्या निमित्ताने कर्नाटक एकीकरणाची परिषदही बेळगावात भरली आणि मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर अशा अनेक प्रशासनांत विखुरलेल्या कन्नड भाषकांच्या एका राज्याची मागणी बळावली.

त्यानंतर बावीस वर्षांनी, मे १९४६ मध्ये, त्याच शहरात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झाले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत करण्यात आला. अशा प्रकारे दोन्ही भाषकांच्या एकीकरणाच्या चळवळींमध्ये बेळगावचे स्थान मध्यवर्ती आहे. हे शहर सोडून देणे दोन्ही बाजूंना अवघड वाटते, यामागे हा इतिहासही आहे.

१९५६ ची पुनर्रचना

पोट्टी श्रीरामुलू यांचे डिसेंबर १९५२ मध्ये उपोषणात निधन झाले आणि १९५३ साली आंध्र राज्य अस्तित्वात आले. त्यानंतर केंद्र सरकारने फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला. आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल सादर केला. सीमा ठरवताना साधारणपणे जिल्हा हा घटक मानावा, असे आयोगाचे धोरण होते. बेळगाव जिल्ह्यातील बहुतेक तालुके कर्नाटकात जात असतील, तर जिल्ह्याचे मुख्यालय असलेले शहरही प्रशासकीय सोयीसाठी त्यांच्याबरोबर जावे, असा युक्तिवाद त्यात होता. अपवाद केवळ चंदगड तालुक्याचा करण्यात आला. तो बेळगावपासून वेगळा काढून कोल्हापूर जिल्ह्यास जोडण्यात आला.

हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्ह्याचीही अशीच विभागणी झाली. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि बिदर, भालकी हा भाग म्हैसूरकडे गेला.

येथेच मोजणीच्या घटकाचा प्रश्न उभा राहतो. संपूर्ण बेळगाव जिल्हा विचारात घेतला, तर कन्नड भाषकांचे बहुमत निर्विवाद आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील मराठी भाषकांचे प्रमाण एक पंचमांशाहून थोडे कमी आढळले. परंतु खानापूर तालुका किंवा बेळगावच्या पश्चिमेकडील खेडी स्वतंत्रपणे मोजली, तर चित्र उलटे होते. जिल्हा मोजणारा आणि खेडे मोजणारा, दोघेही जनगणनेचेच आकडे पुढे करतात आणि परस्परविरोधी निष्कर्षांवर येतात.

या निर्णयाविरुद्ध सीमाभागात तीव्र प्रतिक्रिया उमटली. १७ जानेवारी १९५६ रोजी झालेल्या गोळीबारात आंदोलकांचा मृत्यू झाला. तो दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १ नोव्हेंबर हा दिवस कर्नाटकात राज्योत्सव म्हणून साजरा होतो, तर महाराष्ट्र एकीकरण समिती तो काळा दिन म्हणून पाळते.

खेडे हा घटक : महाराष्ट्राची भूमिका

२३ जून १९५७ रोजी मुंबई राज्याने केंद्र सरकारला निवेदन सादर करून ८१४ गावे आणि बेळगाव, निपाणी, कारवार या शहरांवर दावा सांगितला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही या दाव्याची चार तत्त्वे होत. त्यांना आधार होता तो हरी विनायक पाटसकर यांच्या निवाड्याचा. आंध्र आणि मद्रास यांच्यातील सीमा ठरवताना पाटसकर यांनी खेडे हा घटक मानला होता आणि संसदेने १९५९ साली त्यानुसार कायदा केला. जो न्याय आंध्र-मद्रास सीमेला, तो येथे का नाही, असा महाराष्ट्राचा प्रश्न आहे. हेच तत्त्व स्वीकारून आपल्याकडील सुमारे २६० कन्नड भाषक गावे देण्याची तयारीही महाराष्ट्राने दर्शवली होती.

कारवारबाबतचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. तेथील बहुसंख्य लोकांची भाषा कोकणी. ती मराठीची बोली मानली, तर महाराष्ट्राचा दावा बळकट होतो. परंतु १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ साली तिचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. त्यामुळे या युक्तिवादाचा पाया बराच बदलला.

महाजन आयोग

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तरी सीमाप्रश्न तसाच राहिला. दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींची चार सदस्यांची समिती एकमतापर्यंत पोहोचू शकली नाही. १९६६ साली सेनापती बापट यांनी उपोषण केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला.

आयोगाचा अहवाल १९६७ साली आला. निपाणी, खानापूर, नंदगड हा भाग महाराष्ट्राला द्यावा, जत, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर परिसरातील गावे कर्नाटकाला द्यावीत आणि बेळगाव शहर कर्नाटकातच राहावे, अशा त्याच्या मुख्य शिफारशी होत्या. शहर तीन बाजूंनी कन्नड भाषक प्रदेशाने वेढलेले आहे, असे कारण त्यासाठी देण्यात आले. केरळमधील कासरगोडचा चंद्रगिरी नदीच्या उत्तरेकडील भाग कर्नाटकाला देण्याचीही शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. कर्नाटकाने तो स्वीकारला आणि अंतिम मानला. केरळचाही त्यास विरोध होता. शिफारशींची अंमलबजावणी कधीच झाली नाही. फेब्रुवारी १९६९ मध्ये या प्रश्नावरून मुंबईत मोठा हिंसाचार झाला. १९८६ साली कन्नड सक्तीच्या विरोधातील आंदोलनाच्या वेळी सीमाभागात पुन्हा गोळीबार होऊन बळी गेले.

युरोपातील एक तुलना

भाषेच्या आधारे सीमा आखण्याचे प्रयत्न अन्यत्रही झाले आहेत. बाल्कन युद्धांनंतर १९१३ च्या बुखारेस्ट तहाने मॅसिडोनियाचा प्रदेश ग्रीस, सर्बिया आणि बल्गेरिया यांच्यात वाटला गेला. तेथेही गावोगावी भाषा आणि पंथ मिसळलेले होते. रणांगणावर ठरलेल्या त्या रेषेने नवी युद्धे आणि स्थलांतरे ओढवली.

डेन्मार्क आणि जर्मनी यांच्यामधील श्लेसविगचे उदाहरण आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. तेथे १९२० साली सार्वमत घेण्यात आले. उत्तर विभागातील मते एकत्र मोजण्यात आली, त्यामुळे जर्मन बहुमत असलेले टोंडर हे शहर डेन्मार्कमध्ये गेले. दक्षिणेकडील विभागात मात्र प्रत्येक गावाची मते वेगळी मोजण्याचे ठरले होते. मोजणीचा घटक बदलला की निकाल बदलतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. ती सीमा आजही कायम आहे. परंतु १९५५ साली दोन्ही देशांनी आपापल्या हद्दीतील अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयी स्वतंत्र जाहीरनामे केले आणि दोन्ही बाजूंना अल्पसंख्याकांच्या शाळा चालू राहिल्या. रेषा न हलवताही तिची धार कमी करता येते, हा त्यातला बोध.

बेळगावची रेषा एकाच देशातील दोन राज्यांमधील आहे; तिने कोणाचे नागरिकत्व बदललेले नाही. त्यामुळे अशा उपायांसाठी येथे वाव अधिक आहे.

न्यायालयात आणि राजकारणात

मार्च २००४ मध्ये महाराष्ट्राने राज्यघटनेच्या कलम १३१ नुसार सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. राज्य पुनर्रचना कायद्यातील संबंधित तरतुदींना त्यात आव्हान देण्यात आले आहे. कलम ३ नुसार राज्यांच्या सीमा ठरवण्याचा अधिकार केवळ संसदेचा आहे आणि हा विषय न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, अशी कर्नाटकाची भूमिका आहे. या दाव्याचा अंतिम निकाल लागलेला नाही.

दरम्यान कर्नाटकाने बेळगाववरील आपला हक्क अधोरेखित करणारी अनेक पावले उचलली. २००६ साली विधिमंडळाचे अधिवेशन प्रथमच बेळगावात झाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तेथे सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे नाव अधिकृतपणे ‘बेळगावी’ करण्यात आले. त्याआधी, २००५ साली महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव करणारी बेळगाव महापालिका कर्नाटक सरकारने बरखास्त केली होती.

महाराष्ट्र एकीकरण समितीची राजकीय शक्ती मात्र घटत गेली. २०१३ साली कर्नाटक विधानसभेत तिचे दोन आमदार होते. २०१८ आणि २०२३ च्या निवडणुकांत एकही निवडून आला नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये वाद पुन्हा चिघळला. १४ डिसेंबर रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी नवी दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कोणीही दावे पुढे रेटू नयेत आणि प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती असावी, असे त्यात ठरले. त्यानंतर दोनच आठवड्यांत दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी आपापल्या भूमिकेचे ठराव एकमताने संमत केले. महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावांचा उल्लेख होता.

सामान्य नागरिकांचे प्रश्न

राज्य कोणतेही असो, भाषिक अल्पसंख्याकांना घटनेने संरक्षण दिले आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०अ आणि ३५०ब समाविष्ट झाले. पहिल्यानुसार प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणे अपेक्षित आहे. दुसऱ्यानुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो. या कार्यालयाचा एक विभागीय कक्ष बेळगावातच स्थापन करण्यात आला, यावरून येथील प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते.

सीमाभागातील मराठी भाषकांच्या तक्रारी मुख्यतः दैनंदिन व्यवहाराच्या आहेत. सातबाऱ्याचा उतारा, कार्यालयातील अर्ज, बसवरील पाट्या, ग्रामसभेचे कागद आपल्याला वाचता येतील अशा भाषेत असावेत, ही त्यांची जुनी मागणी आहे. सीमेच्या अलीकडेही असेच प्रश्न आहेत. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत अनेक गावे कन्नड भाषक असून तेथे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. जत तालुक्याच्या पूर्व भागातील काही गावांनी पाण्याच्या टंचाईला कंटाळून कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती. तेथे पाणी हाच मुख्य प्रश्न होता. निपाणी परिसरातील तंबाखू उत्पादकांचे १९८१ चे आंदोलनही शेतमालाच्या भावासाठी होते आणि त्यात दोन्ही भाषांचे शेतकरी सहभागी होते.

सांस्कृतिक व्यवहारात ही रेषा आजही फारशी मानली जात नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि चिंचलीच्या मायाक्काला महाराष्ट्रातून भाविक जातात. जोतिबाच्या डोंगरावर आणि पंढरीच्या वारीत कर्नाटकातून येतात. पंढरीच्या विठ्ठलाला मराठी संतांनीच ‘कानडा’ म्हटले आहे. बेळगावजवळ सुळेभावी येथे जन्मलेले कुमार गंधर्व, बेळगावात दीर्घकाळ राहिलेल्या कवयित्री इंदिरा संत, धारवाडचे कन्नड कवी आणि घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे ही नावे या सामायिक प्रदेशाचीच आहेत.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला, तरी रेषेच्या दोन्ही अंगांना दुसऱ्या भाषेची काही गावे उरणारच आहेत. खेडे हा घटक मानला तरी त्यांची संख्या कमी होईल, पण शून्य होणार नाही. त्या गावांतील मुलाला मातृभाषेतील शाळा आणि त्याच्या आईवडिलांना समजेल असा सरकारी कागद मिळणे, ही जबाबदारी दोन्ही राज्यांवर आहे. ती पार पाडण्यासाठी निकालाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.